निरंक आणि नोंद नाही

गुढीपाडवा करून चार दिवसांत परतायचे, अशा बेताने मी 19 मार्च 2020 रोजी पुण्याहून वाईला वडिलांकडे आले. बरोबर दोन जोड कपडे आणि भाषांतराचे अर्धे झालेले हस्तलिखित, एवढेच सामान होते. रविवारी 22 तारखेला जनता संचारबंदी झाली, मंगळवारी रात्री आठ वाजता देशभरच्या टाळेबंदीची घोषणा झाली, आणि बुधवारी शार्वरी नाम संवत्सराचा पहिला दिवस उजाडला. गुढीला बांधायला साखरेची गाठी मिळाली नाही. कडुनिंबाचा डहाळा मात्र परसातलाच होता आणि झाड नुकतेच मोहरले होते, त्यामुळे ती बारीक पांढरी फुले दिवसभर गुढीवरून उंबऱ्यावर गळत राहिली. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर मी ती केरसुणीने गोळा केली. त्या दिवसाविषयी मी एक ओळही लिहिली नाही.

लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे. वर्षभर भाषांतरे आणि संपादन चालते, आणि पावसाळ्यात एखाद्या दिवाळी अंकासाठी लेख होतो. ज्या पुस्तकाचे भाषांतर मी करत होते ते अनिश्चित काळासाठी पुढे ढकलल्याचे प्रकाशकाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळवले आणि राहिलेल्या मानधनाविषयी काही बोलणे झाले नाही. पण काम थांबल्यामुळे लेखन थांबले असे म्हणणे खरे होणार नाही. स्वतःसाठी लिहायला बसले, तरी दोन-तीन वाक्यांनंतर मजकुराला पुढे जाण्यासाठी भविष्यकाळ लागत असे, आणि भविष्यकाळातले क्रियापद कागदावर ठेवायला हात धजत नसे. शिवाय मनाला एक टोचणी होती. पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीचा हंगाम संपून मजूर आपापल्या गावी परतायला लागतात. त्या वर्षी ते फडातल्या कोप्यांमध्येच अडकले होते. आमच्याकडे दूध घालणारे काका सांगत, की सुरूर फाट्याच्या पुढे महामार्गावरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली आहेत. अशा वेळी बंद दाराआड सुरक्षित बसून कडुनिंबाच्या मोहरावर लिहिणे मला अप्पलपोटेपणाचे वाटत होते, आणि त्या माणसांविषयी लिहावे तर मी त्यांना पाहिलेही नव्हते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. पाटबंधारे खात्यात त्यांची सारी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षे धोमच्या परिसरात. निवृत्तीनंतर त्यांनी परसाच्या मोकळ्या कोपऱ्यात, कडुनिंबापासून दूर, स्वतःचे पर्जन्यमापक बसवले होते. पाच इंच व्यासाचे नरसाळे, त्याखाली दंडगोलात ठेवलेली बाटली आणि मिलिमीटरच्या खुणा असलेले काचेचे मोजपात्र, असे ते साधे साधन. रोज सकाळी साडेआठ वाजता ते नरसाळे उचलत, बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतत, डोळा पाण्याच्या पातळीला आणण्यासाठी गुडघा टेकून बसत आणि पाण्याच्या वरच्या कडेची नव्हे, तर मधल्या खोलगट भागाची खूण वाचत. मग घरात येऊन रेघा मारलेल्या रजिस्टरात तारीख, नक्षत्र, मिलिमीटर आणि शेरा असे चार रकाने भरत. शेऱ्याच्या रकान्यात फार तर चार शब्द असायचे : वारा पश्चिमेचा. गडगडाट, पाऊस नाही. पहाटे दव.

चैत्रात पाऊस कुठून येणार! तरीही अण्णा रोज साडेआठला परसात जात, कोरडी बाटली काढून पाहत, परत ठेवत आणि रकान्यात ‘निरंक’ लिहीत. सरकारी कागदपत्रांत हयात गेलेल्या माणसाचा तो शब्द. एप्रिलचे पान मी पाहिले तेव्हा वरपासून खालपर्यंत निरंक, निरंक असे एकाखाली एक लिहिलेले होते. मी म्हणाले, “अण्णा, पाऊस नाही हे तर अंगणातूनही दिसते. रोज कशाला उघडून बघता? महिन्याअखेरीला एकदम लिहिले तरी चालेल.”

अण्णांनी चष्मा काढला. “माई, निरंक म्हणजे काही नाही असे नव्हे. निरंक म्हणजे मी पाहिले आणि पाऊस नव्हता. ज्या दिवशी पाहिले नाही, त्या दिवशी निरंक लिहायचे नसते. तिथे ‘नोंद नाही’ असे लिहायचे. शून्य आणि नोंद नाही यांत ज्याने गल्लत केली, त्याचे सगळे रजिस्टर फुकट जाते.”

हे त्यांनी मला उद्देशून म्हटले नव्हते, माझी अडचण त्यांना माहीतही नव्हती. पण तीन आठवडे मी स्वतःला सांगत होते की लिहिण्यासारखे काही नाही, आणि खरी गोष्ट अशी होती की मी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी वाण्याकडून आलेल्या सामानात एक दोनशेपानी वही मागवून घेतली.

पहिली नोंद मी अशी केली : ‘शेजारच्या आवारातला बहावा सुंदर फुलला आहे.’ अण्णांनी ती वाचली. लेखनातले आपल्याला कळत नाही असे ते नेहमी म्हणत, म्हणून त्यांनी फक्त एवढेच विचारले, “घोस किती?” मला सांगता आले नाही. गच्चीवर जाऊन मोजले तेव्हा माझ्या बाजूने अकरा घोस दिसले. मोजायचे म्हणून नीट पाहिले, आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच एक गोष्ट ध्यानात आली, की बहाव्याचा घोस वरून खाली उमलत येतो. देठाकडची फुले पूर्ण उघडलेली, मधली अर्धवट, आणि अगदी खालच्या टोकाला हिरवट, गोल, मिटलेल्या कळ्या. त्यामुळे एका घोसात वरच्या अंगाला पाकळ्या गळायला लागलेल्या असतात आणि खाली बहर अजून यायचा असतो. मी ‘सुंदर’ खोडले आणि हे लिहिले. दोन वाक्ये झाली. त्यांत भविष्यकाळ नव्हता, आणि त्याची उणीवही भासली नाही.

मग नियम ठरत गेले. सकाळी उठल्यापासून साडेआठपर्यंत जे दिसेल, ऐकू येईल, त्याचीच नोंद करायची. कुठून पाहिले तेही लिहायचे. ‘जणू’ वापरायचा नाही. ‘नेहमीप्रमाणे’ वापरायचा नाही, कारण नेहमी काय असते ते मी कधी टिपून ठेवले नव्हते. ऐकीव बातमी लिहायची झाली तर कुणाकडून ऐकली ते नात्याने नोंदवायचे. या शेवटच्या नियमामुळे महामार्गावरची माणसे वहीत आली : ‘दूधवाल्या काकांनी सांगितले की काल संध्याकाळी फाट्यावर नऊ जण झाडाखाली बसले होते, त्यांत दोन लहान मुले. त्यांनी त्यांना दोन लिटर दूध दिले.’ त्याच पानावर त्याच्या वर ‘पावशा आज पहिल्यांदा ऐकला, पाच वाजून चाळीस मिनिटे, नदीच्या बाजूने’ असे लिहिलेले आहे. या दोन नोंदी एका पानावर असाव्यात की नाही, याचा मी बराच काळ विचार केला आणि अखेर तशाच ठेवल्या, कारण त्या दिवशी दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो अशी आपली समजूत आहे. पेरणीला माणसे परततील की नाही हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि घाटाच्या या बाजूलाही दिवसभर झाडे पिळवटून निघाली. वीज गेली. रात्री कंदिलाच्या उजेडात अण्णा दोन वेळा परसाच्या दारापर्यंत जाऊन आले, पण पर्जन्यमापकाला त्यांनी हात लावला नाही; मोजायची वेळ साडेआठची, म्हणजे साडेआठचीच. सकाळी पाणी मोजून झाल्यावर ते म्हणाले, “हा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा.” मला चमत्कारिक वाटले, कारण पाऊस आदल्या दिवशी पडला होता. पण पद्धत तशीच आहे. आज सकाळी साडेआठला जे मोजले जाते ते मागच्या चोवीस तासांत साठलेले असते आणि ते आजच्या नावावर पडते. लेखनाच्या बाबतीत मला हे फार जवळचे वाटले. टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, पाडव्याला, मी काही लिहू शकले नाही याची खंत मला तोपर्यंत होती. त्या सकाळी वहीत 4 जूनच्या तारखेखाली मी पाडव्याची गळालेली फुले लिहिली आणि कंसात ‘मागील’ असा शब्द घातला.

मृग लागला त्या आठवड्यात परसाच्या ओल्या मातीत मृगाचे किडे निघाले. लाल मखमलीचा तुकडा कापून ठेवावा तसा एक किडा पर्जन्यमापकाच्या पायाशी बराच वेळ होता. मी बोट जवळ नेले तेव्हा त्याने पाय पोटाशी घेतले आणि तो मुगाच्या दाण्याएवढा झाला. (‘तसा’ही वापरायचा नाही असा नियम मी केला होता, तो या किड्यापुरता मोडला.) अण्णांच्या रजिस्टरामुळे नक्षत्रांची नावे रोज डोळ्यांखालून जाऊ लागली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. ही नावे मी लहानपणापासून ऐकत आले, परंतु रोजच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिल्यावर कळले की शेतकऱ्यांनी ही नोंदच करून ठेवली आहे, फक्त ती मिलिमीटरमध्ये नाही. साधारण तेरा-चौदा दिवसांचा एकेक तुकडा आणि त्याचा स्वभाव सांगणारा एकेक शब्द. ज्या वर्षी उद्याचा भरवसा नव्हता, त्या वर्षी तेरा-चौदा दिवस ही मुदत मनाला पेलत असे. महिना फार लांब वाटायचा.

आषाढी 1 जुलैला होती. पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि लोणंद-फलटणचा रस्ता रिकामा राहिला. अण्णांनी त्या दिवशीच्या शेऱ्यात ‘वारी नाही’ असे दोन शब्द लिहिले. पावसाच्या रजिस्टरात पावसाखेरीज काही लिहिलेले मी त्यांच्या हातचे तेवढे एकच पाहिले.

जुलैच्या मध्यावर एका संपादकबाईंचा फोन आला. दिवाळी अंक काढायचा की नाही याचा निर्णय व्हायचा आहे, जाहिराती नाहीत, कागद मिळेल की नाही याची खात्री नाही, मानधनाचे आश्वासन देता येत नाही, तरी लेख लिहाल का, असे त्यांनी विचारले. मराठीत लिहिणाऱ्यांना हा फोन म्हणजे ऋतू बदलल्याची खूणच असते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या लेखनाचा एक हंगाम ठरून गेला आहे : ज्येष्ठ-आषाढात बीज पडायचे, श्रावणात कागद भरायचे, गणपतीच्या आगेमागे मजकूर हातावेगळा करायचा आणि अश्विनात तो छापून यायचा. खरिपाचे आणि आमचे वेळापत्रक जवळजवळ एकच. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितानाही पावसाच्या आवाजाशी लेखनाची सांगड असते, हे मला पूर्वी भावुकपणाचे बोलणे वाटे. त्या वर्षी ते केवळ वस्तुस्थिती वाटले. पेरणाऱ्याला तरी कुठे आश्वासन असते? मी होकार दिला.

लेखाचा मजकूर वहीतूनच काढला, पण ते काम वाटले तितके सरळ नव्हते. वहीतल्या नोंदी सुट्या होत्या आणि लेखाला धागा लागतो. पहिल्या खर्ड्यात मी नोंदींच्या मध्ये जोडवाक्ये घातली. ‘निसर्गाचे चक्र मात्र अव्याहत सुरू होते’ अशा थाटाची. वाचताना ती खोटी वाटू लागली. ज्यांच्या घरी माणूस गेले त्यांना हे वाक्य कसे वाचवेल, हा प्रश्न मी प्रत्येक जोडवाक्यापाशी विचारला आणि एकेक करून सगळी काढून टाकली. उरल्या फक्त तारखा, नक्षत्रे आणि पाहिलेले. संपादकबाईंनी तो तसाच स्वीकारला. त्या वर्षी अधिक अश्विन आला होता, पितृपक्ष संपल्यावर नवरात्राला महिनाभर थांबावे लागले आणि लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला गेले. धोंड्याच्या महिन्याने छापखान्याला मुदत मिळवून दिली, असे त्या म्हणाल्या. अंक निघाला. नेहमीच्या निम्म्या जाडीचा होता. पहिले पान उलटण्याआधी मी तो नाकाशी धरला.

त्याआधी 14 ऑक्टोबरच्या रात्री, चित्रा नक्षत्रात, पूर्वेकडून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने पंढरपूर-सोलापूरपासून पुण्यापर्यंत धुमाकूळ घातला. शिवारात काढून ठेवलेले सोयाबीन भिजले. हिवाळ्याच्या नोंदी वहीत थोड्याच आहेत. मोटारी पुन्हा धावू लागल्या होत्या आणि सगळ्यांप्रमाणे मलाही संकट टळले असे वाटत होते. पुण्याला दोनदा जाऊन आले. फेब्रुवारीत हळद शिजवण्याच्या काहिली पेटल्या आणि तो उग्र, मातकट वास संध्याकाळी गावभर पसरू लागला, एवढी एक नोंद बरी झाली आहे.

13 एप्रिल 2021, प्लव नाम संवत्सर. दुसऱ्या पाडव्याला वहीत पहिल्यांदाच मागच्या वर्षाशेजारी या वर्षाची नोंद ठेवता आली, आणि ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द आता वापरता येईल का, हे मी पाहून घेतले. वापरता आला नाही. तिथी तीच असली, तरी अधिक महिन्यामुळे पाडवा एकोणीस दिवस पुढे गेला होता. कडुनिंबाचा मोहर बहुतेक गळून गेला होता आणि डहाळ्याला हिरव्या बारीक निंबोण्या धरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यात पुन्हा निर्बंध आले. 22 एप्रिलला सकाळी अण्णांनी साडेआठला बाटली पाहिली, निरंक लिहिले, आणि दुपारी त्यांना ताप भरला.

पुढचे थोडक्यात लिहिते. साताऱ्याच्या एका रुग्णालयात खाट मिळायला दीड दिवस गेला. मीही बाधित निघाले आणि माझी सोय दुसरीकडे झाली. अण्णा दहाव्या दिवशी पहाटे गेले. मला ते फोनवर कळले. अखेरचे दर्शन नियमांमुळे झाले नाही, भावाने लांबून पाहिले.

16 मेला मी वाईच्या घरी परत आले, तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते. परसात पालापाचोळा पडला होता. साडेआठ वाजले तसे पाय आपोआप त्या कोपऱ्याकडे वळले. नरसाळ्यात कडुनिंबाच्या वाळक्या काड्या अडकल्या होत्या. त्या काढल्या, नरसाळे उचलले, आणि बाटलीत पाणी होते. मधल्या दिवसांत कधीतरी वळीव येऊन गेला होता. एकदा आला की तीनदा, दिवसा की रात्री, हे त्या पाण्यावरून कळण्याजोगे नव्हते. मी मोजपात्रात पाणी ओतले, गुडघा टेकला आणि मधल्या खोलगट भागाची खूण वाचली. 28.4.

रजिस्टर अण्णांच्या टेबलावर होते तसेच उघडे होते. 22 एप्रिलच्या खाली तेवीस रकाने मोकळे होते. तिथे निरंक लिहिता येणार नव्हते. मी प्रत्येक तारीख लिहिली आणि प्रत्येक तारखेसमोर ‘नोंद नाही’ असे लिहिले, तेवीस वेळा, वरच्यासाठी ‘,,’ अशी खूण न करता. त्यांतली एक तारीख ते गेले त्या दिवसाची होती. तिथेही तेच लिहिले. अनेक दिवसांचा पाऊस एकदम मोजला गेला तर तो दिवसांत वाटून टाकायचा नसतो, हे त्यांनी मागच्या पावसाळ्यात मला शिकवले होते. वाटणी करणे म्हणजे न पाहिलेले पाहिले असे सांगणे. सगळा आकडा ज्या दिवशी मोजला त्या दिवसाच्या नावावर टाकायचा आणि शेऱ्यात तसे नमूद करायचे. म्हणून 16 मेच्या पुढे 28.4 लिहिले आणि शेऱ्यात ‘24 दिवसांचा एकत्रित’ असे लिहिले. मग माझी वही काढली आणि त्याच तारखेखाली, कंसात ‘मागील’ असे घालून, अण्णांविषयी लिहायला बसले. ते लिहिणे दुपारी तीनपर्यंत चालले.

त्या दिवशी तौक्ते वादळ गोव्याजवळून उत्तरेकडे सरकत होते. रात्री वारा सुटला. कडकडून काहीतरी मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी दारापर्यंत गेले, पण बाहेर पडले नाही. 17 मेच्या सकाळी साडेआठला पाणी मोजले, आकडा भरला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : वारा पश्चिमेचा. कडुनिंबाची एक फांदी मोडली, परसाकडची.